टेंटमधली थंडी: पहिल्यांदा मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून टेंट, मॅट आणि स्लीपिंग बॅग भाड्याने नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हे पत्रक सामानासोबत देतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात भंडारदरा, हरिश्चंद्रगड, राजमाची, पवना किंवा महाबळेश्वरच्या बाजूला मुक्काम करणाऱ्यांसाठी ते लिहिलं आहे. नवीन ग्राहक बहुतेक वेळा विचारतात, "अजून एक ब्लँकेट मिळेल का?" आमचं सांगणं असतं की आधी अजून एक मॅट न्या. टेंटमध्ये माणूस गारठतो तो मुख्यतः दोन कारणांनी: खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते, आणि कपडे किंवा बॅग दमट होते.

गारठा किती असेल

मोबाइलवर जवळच्या शहराचं तापमान बघून निघू नका. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. हरिश्चंद्रगड सुमारे 1,420 मीटर उंच आहे, पुणे 560 मीटरच्या आसपास. म्हणजे फक्त उंचीमुळेच पाच-सहा अंशांचा फरक पडू शकतो, आणि वारा असेल तर तो अंगाला याहून कितीतरी जास्त जाणवतो.

पण उंच जागा नेहमीच जास्त गार असते असंही नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. महाबळेश्वरात कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, तेव्हा गावात पारा काही अंश वरच असतो. तलावाकाठी टेंट लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सर्वांत जास्त गारठा पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी पडतो. रात्री दहाला बरं वाटतंय म्हणून जादा कपडे गाडीत ठेवू नका.

जागा कुठली धरावी

पाण्यापासून दूर आणि काठापेक्षा जरा उंचावर. खोलगट भाग, ओढ्याचं पात्र आणि कड्याची धार टाळा. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याजवळ दृश्य कितीही सुरेख असलं तरी तिथे खालून येणारा वारा रात्रभर टेंट झोडपतो, आणि अंधारात कड्याजवळ वावरणं धोक्याचं आहे. कारवीची दाट जाळी, मोठी शिळा किंवा बांध यांच्या आडोशाला लावा. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली मात्र नको. वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला टेंटचं दार ठेवा.

कातळावर पेग (टेंटची खुंटी) घुसत नाही. तिथे आउटरच्या (टेंटच्या बाहेरच्या आवरणाच्या) दोऱ्या मोठ्या दगडांना बांधून ताणा. मातीत पेग ठोकताना त्याचं डोकं टेंटपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं. सरळ ठोकलेला पेग वाऱ्याच्या हिसक्याने उपटून येतो. गडावर किंवा अभयारण्यात मुक्कामाला आणि शेकोटीला परवानगी आहे का, हे वन विभागाकडे किंवा गावात आधी विचारून घ्या.

अंगाखाली काय अंथराल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. स्लीपिंग बॅग उबदार असते ती तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे. तुम्ही आडवे झालात की पाठीखालचा भराव दबतो, हवा निघून जाते आणि खाली उरतं नुसतं कापड. म्हणून बॅग कितीही भारी असली तरी पाठ गार पडते. खालचं काम मॅटनेच करायचं असतं.

मॅट जमिनीचा गारवा किती अडवते हे 'आर' आकड्याने सांगतात. आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त, आणि एकावर एक दोन मॅट टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. 10 मिलिमीटरच्या साध्या फोम मॅटचा आकडा 1 ते दीडच्या आसपास असतो. सह्याद्रीतल्या थंडीसाठी बेरीज 2 च्या पुढे असावी असा आमचा आग्रह आहे. म्हणून थंडीत आम्ही माणशी दोन मॅट सुचवतो.

पंपाने फुगवायची जाड गादी मऊ असते, पण उबेला कच्ची. तिच्या आत मोकळी हवा खेळत राहते आणि अंगाची ऊब खालच्या गार जमिनीकडे जाते. अशी गादी न्यायचीच असेल तर तिच्यावर फोम मॅट अंथरा. गाडीने जाणार असाल आणि घरात जुनी घोंगडी असेल तर तिच्याहून चांगलं काही नाही: दुहेरी घडी करून मॅटवर टाका. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्याला मात्र घोंगडीचं वजन परवडत नाही. त्याने मॅटखाली वर्तमानपत्रांचे आठ-दहा थर टाकावेत आणि पायांखाली रिकामी सॅक सरकवावी.

भंडारदऱ्याच्या बाजूला भातकाढणी झालेली असते. शेतकऱ्याला विचारून, पैसे देऊन भाताचा पेंढा मिळाला तर टेंटखाली वीतभर जाडीचा थर पसरा आणि त्यावर ताडपत्री टाका. टेंट लावण्याआधी जमिनीवर हात फिरवून दगड, काटे, कारवीचे खुंट काढून टाका, आणि आत शिरण्याआधी पायमोज्यांत अडकलेली कुसळं वेचा. ती पुढे बॅगच्या कापडात शिरतात आणि रात्रभर टोचतात. ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी आतच राहू द्या. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पडलेलं दव ओघळून थेट तुमच्या खाली येतं.

बॅगवरचे आकडे

चांगल्या बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे छापलेले असतात. 'कम्फर्ट' म्हणजे साधारण स्त्रीला आरामात झोप लागेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे साधारण पुरुषाला अंग आखडून का होईना, झोप लागेल ते. 'एक्स्ट्रीम' म्हणजे केवळ जीव वाचेल ते. त्या आकड्यावर झोपेचा विचारही करू नका. निवड नेहमी कम्फर्टवरून करा, आणि अपेक्षित तापमानापेक्षा तो चार-पाच अंश खाली असू द्या. शिवाय हे आकडे चांगली मॅट आणि अंगात थर्मल कपडे गृहीत धरून काढलेले असतात.

टेंट उभारल्यावर लगेच बॅग पिशवीतून काढून झटकून पसरा. दाबलेला भराव फुलायला अर्धा तास लागतो.

सकाळी आतून ओला झालेला टेंट

"टेंट गळतो" ही तक्रार थंडीत आमच्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा ते श्वासातलं पाणी असतं. झोपेत एका माणसाच्या श्वासातून आणि अंगातून पेलाभर पाणी सहज बाहेर पडतं. ते आउटरच्या गार कापडाला लागून थेंब होतं आणि पहाटे वाऱ्याने कापड हललं की अंगावर टपकतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की हे दुपटीने होतं. म्हणून:

वरची झडप रात्रभर उघडी ठेवा, आणि दाराची चेन वरून चार बोटं सोडा.
आउटर ताणून बांधा, म्हणजे तो इनरला (आतल्या कापडाला) कुठेच चिकटणार नाही.
ओले बूट, टॉवेल, घामट शर्ट आत आणू नका. पिशवीत बांधून इनर आणि आउटरच्या मधल्या जागेत ठेवा.
तोंड बॅगेत घालून झोपू नका. बॅगची टोपी चेहऱ्याभोवती आवळा, नाक-तोंड बाहेर ठेवा. नाक गार पडत असेल तर मफलर गुंडाळा.

झोपण्याआधीचा अर्धा तास

चढताना घामाने भिजलेला सुती बनियन अंगात ठेवून झोपलात तर तो रात्रभर ऊब खातो. बॅगेत शिरण्याआधी आतले सगळे कपडे बदला, पायमोजेसुद्धा. झोपायचे पायमोजे सैल, लोकरी आणि वेगळे ठेवलेले असावेत. दोन घट्ट जोड एकावर एक चढवले तर रक्तपुरवठा आवळला जातो आणि बोटं जास्तच गार पडतात. कानटोपी हवीच. जाड जॅकेट बॅगेत कोंबण्यापेक्षा वरून छातीवर पांघरा.

रात्रीचं जेवण पोटभर घ्या. पिठलं-भाकरीवर तूप, नंतर गूळ-शेंगदाणे हा झकास बेत आहे. स्निग्ध अन्न सावकाश पचतं आणि अंग पहाटेपर्यंत ऊब धरतं. दारूने गरम वाटतं ते त्वचेकडे रक्त धावल्यामुळे. आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. झोपण्याआधी लघवीला जाऊन या, आणि बॅगेत शिरण्याआधी वीस-पंचवीस उठाबशा काढा, पण घाम येईपर्यंत नको. बॅग अंगाची ऊब फक्त धरून ठेवते, गार अंगाने शिरलात तर ती तापायला फार वेळ लागतो.

गरम पाण्याची बाटली हा सगळ्यात स्वस्त उपाय. एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली घ्या (थर्मास चालणार नाही, त्याची ऊब बाहेर येत नाही). पाणी कढत असावं, उकळतं नको. झाकण घट्ट लावून बाटली उलटी करून बघा, पायमोज्यात घाला आणि दोन मांड्यांच्या मध्ये ठेवा. पाण्याच्या पातळ प्लॅस्टिक बाटल्या कढत पाण्याने आकसतात आणि बॅगेत फुटतात.

टेंटमध्ये आग कधीही नको

शेगडी, निखारे भरलेली पाटी, गॅसची बत्ती, मेणबत्ती, यांतलं काहीही आत आणू नका, "पाच मिनिटांसाठी" सुद्धा नाही. बंद जागेत कोळसा किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. चेन थोडी उघडी आहे म्हणून धोका टळत नाही. मच्छर अगरबत्तीही बाहेरच, कारण टेंटचं कापड ठिणगीने वितळून पेटतं. शेकोटी टेंटपासून निदान पंधरा फूट लांब आणि वारा टेंटकडून शेकोटीकडे जाईल अशा बाजूला करा.

कुणी फारच गारठलं तर

सतत कुडकुडणं, बोटांनी चेन न लागणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं दिसली की थांबू नका. वाऱ्यातून आत घ्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, दोन मॅटवर झोपवून दोन बॅगांत गुंडाळा आणि कुणीतरी अंगाला अंग लावून बसा. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. माणूस अजून गार आहे, असंबद्ध बोलतोय आणि कुडकुडणं थांबलंय, तर ते सुधारल्याचं लक्षण नाही: ताबडतोब 112 ला फोन करा आणि गावातून मदत मागवा. लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर निवतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत. त्यांची मान आणि पोट रात्री हाताने चाचपून बघा.

नेताना आणि परत करताना

सामान घ्यायला याल तेव्हा पंधरा मिनिटं हातात ठेवून या आणि टेंट दुकानासमोर एकदा स्वतः उभारून बघा. पोल, पेग आणि दोऱ्या मोजून घ्या. सकाळी निघताना बॅग उलटी करून तासभर उन्हात टाका. दवाने ओला टेंट तसाच गुंडाळावा लागला तर हरकत नाही, परत करताना फक्त तसं सांगा, आम्ही वाळवून घेऊ. ओला टेंट दोन-तीन दिवस पिशवीत राहिला तर बुरशी धरतो आणि तो वास पुढे जात नाही.