इनुक्तितुतचा चौथा स्तंभ: मिशनच्या लिपीची पार्श्वभूमी

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर दिसणारी कोनदार अक्षरे आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची प्राचीन लिपी आहे, असा समज बराच पसरला आहे. प्रत्यक्षात ही लिपी दोनशे वर्षांचीही नाही आणि मुळात इनुइटांसाठी बनलेलीही नव्हती.

ग्रीनलंडमध्ये 1721 पासून लुथरन आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडॉरमधल्या नेन येथे 1771 पासून मोरावियन मिशनरी होते. दोन्हीकडे रोमन लिपी रुजली. हडसन उपसागराच्या बाजूला मिशन उशिरा पोहोचले आणि येताना शेजारच्या क्री लोकांची लिपी घेऊन आले.

ती लिपी 1840 मध्ये कॅनडातल्या नॉर्वे हाउस येथे एका मेथडिस्ट मिशनऱ्याने छापायला घेतली. छापखाना नव्हताच. चहाच्या पेट्यांच्या आतले शिशाचे पत्रे वितळवून छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) ओतले, काजळीत माशाचे तेल कालवून शाई केली आणि कातड्यांचे गठ्ठे दाबायच्या यंत्रावर दाब दिला. एवढ्या तुटपुंज्या साधनांत लिपीची रचना कामी आली. बाराखडीत व्यंजन जागेवर राहते आणि काना, मात्रा, वेलांटी बदलतात. इथे व्यंजनच फिरते. ‘प’चे चिन्ह म्हणजे नुसता कोन. टोक वर असेल तर ‘पि’, उजवीकडे ‘पु’, डावीकडे ‘पा’, खाली ‘पे’. त्यामुळे एकेका आकारात चार अक्षरे बसतात.

या रचनेवर देवनागरीची छाप आहे, असे काही अभ्यासक मानतात. 1837 मध्ये आलेल्या पिटमनच्या शॉर्टहँडशी असलेले नाते जास्त ठळक आहे. देवनागरीचा धागा अनुमानाचा आहे आणि आपण मराठी वाचकांनी त्यावर लगेच कॉलर ताठ करू नये. क्री लोकांच्या मौखिक परंपरेत तर ही अक्षरे त्यांच्यातल्याच एकाला मिळाली आणि मिशनरी नंतर आला, असे सांगतात.

1850 च्या दशकात अँग्लिकन मिशनऱ्यांनी ही लिपी इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेला लावली. क्रीला चार स्वर लागतात, इनुक्तितुतला तीनच पुरतात: इ, उ, आ. टोक खाली असलेली चौथी दिशा रिकामी पडली, म्हणून ती ‘आइ’ या जोडस्वराला दिली. अक्षरांच्या तक्त्यात हाच चौथा स्तंभ. पुढच्या वादाची मुळे इथेच आहेत.

प्रसार वेगाने झाला, तो मुख्यतः इनुइटांच्याच हातांनी. 1876 पासून लिटल व्हेल रिव्हर येथे आणि 1894 पासून कंबरलँड साउंडमधल्या ब्लॅकलेड बेटावर छापील पुस्तिका वाटल्या गेल्या. (त्या बेटावरचे पहिले चर्च सीलची कातडी ताणून उभारले होते, ते उपाशी कुत्र्यांनी फस्त केले.) पुस्तिका स्लेजवरून तळातळांवर गेल्या. आईकडून मुलाकडे, पाहुण्याकडून यजमानाकडे वाचन शिकले गेले, अगदी मिशनरी कधी न पोहोचलेल्या ठिकाणीही.

पण लिहिण्याची पद्धत सैल होती. दीर्घ स्वरासाठी अक्षरावर टिंब आणि शेवटच्या व्यंजनासाठी वरच्या बाजूला बारीक चिन्ह द्यायचे असते. घाईत दोन्ही गळत. इनुक म्हणजे एक माणूस, इनूक म्हणजे दोघे, इनुइत म्हणजे तीन किंवा जास्त. संस्कृतसारखे द्विवचन या भाषेत जिवंत आहे. टिंब गेले की एक आणि दोन सारखेच दिसतात. शेवटचे व्यंजनही गेले की नुसते ‘इनु’ उरते आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. घशातून येणारा ‘क़’ आणि साधा ‘क’ यांतही फरक केला जात नसे.

हे सगळे नीट करण्याचे काम 1976 मध्ये एका भाषा आयोगाने केले. घशातल्या ‘क़’ला वेगळे चिन्ह मिळाले, शेवटची व्यंजने लिहिणे नियमात आले, रोमन आणि ही लिपी यांचा एकास एक मेळ बसला. यात वाद घालण्यासारखे फारसे नाही. वाद आहे तो चौथा स्तंभ काढण्याचा. ‘पाइ’ आता ‘पा’ आणि ‘इ’ अशा दोन अक्षरांत लिहायचे ठरले. तीन स्वरांच्या भाषेला तीनच दिशा, हा तर्क सरळ आहे. पण खरी अडचण टाइपरायटरची होती. त्या काळच्या विजेच्या टाइपरायटरच्या फिरत्या गोळ्यावर 88 च अक्षरे मावत. चौथा स्तंभ गेला की दर व्यंजनामागे एक जागा वाचत होती. थोडक्यात, यंत्राच्या मापाने लिपी कापली गेली.

त्याची किंमत वाचकांना पडली. जुनी बायबले आणि प्रार्थनापुस्तके चार दिशांची, शाळेची पुस्तके तीन दिशांची. शब्द लांबले आणि म्हाताऱ्यांना नवे लेखन तुटक वाटू लागले. उत्तर क्वेबेकमधल्या नुनाविकने चौथा स्तंभ पुन्हा वापरात आणला. 1999 मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली तेव्हा तो स्तंभही आला, म्हणजे जागेची सबब संपली. नुनावुतचे प्रमाणलेखन मात्र तीन दिशांवरच थांबले.

2019 मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या इनुइट संघटनेने कॅनडातल्या सर्व बोलींसाठी एकच रोमन लेखनपद्धती मंजूर केली. ती कोणावर सक्तीची नाही. लॅब्राडॉर अजून मोरावियन वळणाची रोमन लिहितो, त्यात घशातला ‘क़’ दाखवायला शब्दाच्या मधोमधही मोठे अक्षर येते. नुनावुतच्या मोठ्या भागात आणि नुनाविकमध्ये फिरणारी अक्षरे चालू आहेत आणि नुनाविकच्या कीबोर्डवर खाली टोक असलेला कोन अजून आहे.