ओजिब्वे चित्रकला (समकालीन) : प्रतीके आणि माध्यमे

उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या प्रदेशात, म्हणजे कॅनडातील ओंटारिओ आणि अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागांत राहणाऱ्या ओजिब्वे (अनिशिनाबे) लोकांची आधुनिक चित्रकला. तिच्या कॅनडातील मुख्य प्रवाहाला ‘वुडलँड शैली’ म्हणतात. या शैलीचा पाया नॉर्व्हल मॉरिसो (मृत्यू २००७) यांनी घातला.

तिची मुळे फार जुनी आहेत. लेक सुपीरियरच्या काठावरील आगावा येथील कड्यावर गेरूने काढलेल्या होड्या, प्राणी आणि शिंगे असलेला मिशिपेशू (पुराणकथांतला पाण्याखालचा चित्त्यासारखा प्राणी) आजही दिसतात. मिदेविविन या उपचारक मंडळाचे सदस्य बर्च झाडाच्या सालीवर अणकुचीदार हाडाने आकृत्या कोरून विधी आणि गीते जपून ठेवीत. मॉरिसो यांना हे ज्ञान आजोबांकडून मिळाले. ते चित्रांतून बाहेर आणणे समाजातील काही वडीलधाऱ्यांना रुचले नाही. पवित्र गोष्टी परक्यांना दाखवू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप गंभीर होता आणि मॉरिसो यांनी तो पत्करूनच काम केले.

या चित्रांत जाड काळी बाह्यरेषा प्रथम डोळ्यांत भरते, आणि तिच्या आत प्राण्याची हाडे, अवयव, पोटातले पिल्लूही दिसते. मात्र खरा अर्थ आकृत्यांना जोडणाऱ्या रेषांत आहे. माणूस, मासा, अस्वल, पक्षी यांच्यामधून वाहणाऱ्या या रेषा नाते आणि शक्तीची देवाणघेवाण दाखवतात. त्या पुसल्या तर उरते ती केवळ नक्षी. दुभागलेले वर्तुळ द्वैत सुचवते. आकाशातला थंडरबर्ड (मेघगर्जना घडवणारा पुराणकथेतला पक्षी) आणि पाण्याखालचा मिशिपेशू हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. तांब्याची राखण मिशिपेशूकडे असते. अस्वलाचा संबंध औषधोपचाराशी आहे, तर बगळ्यासारखा दिसणारा क्रेन आणि लून हे पाणपक्षी कुलचिन्हे म्हणूनही येतात. तरीही ही चित्रे कोशातून अर्थ शोधत वाचू नयेत. एकच अस्वल कुठे कुळाचे असते, कुठे कथेतले, तर कुठे चित्रकाराच्या स्वप्नातले.

आरंभी मॉरिसो यांनी बर्चची साल, तपकिरी कागद, प्लायवूड असे हाताशी येईल ते वापरले. त्या काळातले रंग मातकट आहेत. पुढे कॅनव्हास आणि ॲक्रिलिक आल्यावर लाल, पिवळा, निळा उसळू लागले. रंगात बरे करण्याची शक्ती असते, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून या झगमगाटाला केवळ बाजाराची हौस म्हणणे अन्यायाचे ठरेल.

१९६२ मध्ये टोरांटोतील त्यांच्या पहिल्या प्रदर्शनातली सर्व चित्रे विकली गेली. १९६७ च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनात मात्र धरणीमातेचे दूध पिणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाचे त्यांचे भित्तिचित्र अधिकाऱ्यांना खटकले. बदल करायला सांगितल्यावर ते काम सोडून गेले. चित्र क्री या दुसऱ्या मूलनिवासी समाजातले चित्रकार कार्ल रे यांनी पूर्ण केले. २००६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने मॉरिसो यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. या मातब्बरीची काळी बाजू म्हणजे बनावट चित्रे : २०२३ मध्ये ओंटारिओ पोलिसांनी त्यांच्या नावावरच्या हजाराहून अधिक संशयित चित्रांचा साठा पकडला.

सगळे ओजिब्वे चित्रकार या वाटेने गेले नाहीत. मिनेसोटातील ग्रँड पोर्टेजचे जॉर्ज मॉरिसन (१९१९–२०००) न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकलेत वाढले. किनाऱ्यावर वाहून आलेले लाकडाचे तुकडे जुळवून त्यांनी भूदृश्ये रचली. त्यांच्या चित्रांत प्राणी किंवा पुराणकथा नाहीत, पण लेक सुपीरियरची क्षितिजरेषा सतत असते. ‘ओजिब्वे कला’ म्हणजे अमुकच दिसायला हवी, हा आग्रह त्यांच्या कामापुढे टिकत नाही. जिम डेनोमी (१९५५–२०२२) यांनी भडक तैलरंगांत वसाहतीचा इतिहास आणि स्टँडिंग रॉक या मूलनिवासींच्या राखीव प्रदेशातील तेलवाहिनीविरोधी आंदोलन रंगवले. अँड्रिया कार्लसन कागदाचे अनेक ताव जोडून मोठी भूदृश्ये उभारतात आणि ही जमीन कोणाची, असा प्रश्न त्यांतून थेट विचारतात.