ब्रित शालोम

ब्रित शालोम हा पॅलेस्टाइनमधील ज्यू विचारवंतांचा छोटा गट. ज्यू आणि अरब यांनी त्या भूमीत समान हक्कांनी एकत्र राहावे, कोणाची संख्या जास्त यावर राज्य कोणाचे हे ठरू नये, म्हणजेच द्विराष्ट्रीय राज्य असावे, ही त्याची भूमिका होती. स्थापना जेरुसलेम येथे, १९२५. आर्थर रुपिन, ह्यूगो बर्गमन, गेरशोम शोलेम, हान्स कोन ही प्रमुख नावे. हिब्रू विद्यापीठाचे पहिले कुलपती जुडा मॅग्नेस हे रीतसर सभासद नसले तरी या विचाराचा सर्वांत ठळक आवाज तेच ठरले.

नावाचा अर्थ ‘शांतीचा करार’. हे शब्द यशया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांच्या ग्रंथांतले आहेत. ज्या धर्मग्रंथाच्या आधारे इतर जण भूमीवर मालकी सांगत, त्याच ग्रंथातून या मंडळींनी शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य वाचले, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे बोलणे समजत नाही. मॅग्नेस तर स्वतः रब्बी होते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धाला उघड विरोध केलेले. ज्यू असण्याची लाज वाटते म्हणून नव्हे, तर ज्यू आहोत म्हणूनच हे बोलावे लागते, अशी त्यांची श्रद्धा होती.

१९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेममधील पश्चिम भिंत या ज्यूंच्या पवित्र स्थानावरील हक्कावरून दंगली उसळल्या. १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले, हेब्रोनमध्ये तर घराघरांत शिरून कत्तल झाली. लोक शोकात आणि संतापात असताना, नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाचे वर्ष सुरू करताना मॅग्नेस म्हणाले, की वचनदत्त भूमीत बायबलमधील सेनानी यहोशवासारखे जिंकून शिरायचे नाही, शांततेच्या मार्गाने शिरायचे. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. गटातही फूट पडली : रुपिन दूर झाले, कोन यांनी झायनवादच (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारण्याचा विचार) सोडला.

पॅलेस्टाइनच्या ब्रिटिश सरकारचे महाधिवक्ता राहिलेले ज्यू कायदेपंडित नॉर्मन बेंटविच यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९२९ मध्येच एका अरब तरुणाच्या गोळीने ते जखमी झाले होते. तरीही १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय शांततेच्या अध्यासनावरचे पहिले व्याख्यान द्यायला ते उभे राहिले. विषय, शांतीचे नगर जेरुसलेम. उजव्या गटाच्या ज्यू विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून व्याख्यान बंद पाडण्याचा प्रयत्न केला आणि सभागृहात पोलीस बोलवावे लागले. गोळी एका बाजूची, घोषणा दुसऱ्या बाजूच्या, आणि माणूस तोच. पुढे वर्षभरात गट जवळजवळ विरून गेला.

वर्ध्याजवळच्या सेगावात राहणाऱ्या गांधीजींशीही या वर्तुळाचा संबंध आला. २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी पॅलेस्टाइन अरबांचे आहे असे लिहिले आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. फेब्रुवारी १९३९ मध्ये ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि मॅग्नेस या दोघांनी त्यांना पत्रे लिहिली. नाझी राजवटीत साक्षीदारच उरू दिला जात नाही, तिथे आत्मक्लेश कोणाला दिसणार, हा बूबर यांचा प्रश्न आजही अस्वस्थ करतो. मात्र अरबांचा हक्क त्यांनी नाकारला नाही. दोन्ही हक्क खरे आहेत, त्यांचा मेळ घालायचा आहे, असे त्यांनी लिहिले.

या भूमिकेतील अडचण मोठी होती. १९२२ च्या जनगणनेत सुमारे साडेसात लाखांत ज्यू ८४ हजारांच्या आसपास होते. बहुसंख्य अरबांना बरोबरीची वाटणी म्हणजे आपले गमावणेच वाटे. शिवाय ज्यूंचे स्थलांतर थांबवावे ही त्यांची मागणी होती आणि युरोपात जीव वाचवायला पळणाऱ्यांना दार बंद करणे गटालाही शक्य नव्हते. त्यामुळे अरब सहकारी फार थोडे मिळाले आणि मिळाले त्यांना जबर किंमत मोजावी लागली. १९४२ मध्ये मॅग्नेस, बूबर, हेन्रिएटा सोल्ड यांनी ‘इहूद’ (ऐक्य) ही संघटना काढून हाच विचार पुढे नेला. तिच्याशी संबंधित ज्यू मंडळींबरोबर अरब नेते फौझी दरवीश अल-हुसैनी यांनी नोव्हेंबर १९४६ मध्ये करार केला. त्याच महिन्यात त्यांचा खून झाला.

मॅग्नेस ऑक्टोबर १९४८ मध्ये वारले, इस्रायल राज्य स्थापन होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. ‘इहूद’ने नंतर ‘नेर’ (दिवा) हे मासिक चालवून इस्रायलमधील अरब नागरिकांवरच्या लष्करी अंमलाविरुद्ध लिहिणे सुरू ठेवले. जून १९६५ मध्ये बूबर वारले तेव्हा विद्यापीठातील अरब विद्यार्थ्यांच्या संघटनेने त्यांच्या कबरीवर पुष्पचक्र वाहिले.