पेटीचा तळ का तडकला?

हातकरवत, रंधा आणि पटाशी एवढ्यावरच एक छोटी पेटी केली. कोपरे गुण्यात (काटकोनात), झाकण बेताचं घट्ट. तळाची फळी चारही बाजूंना सरस लावून पक्की बसवली आणि काही महिन्यांनी तीच लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने चिरली. ज्याने पाहिलं तो म्हणाला, "लाकूड कच्चं असणार." लाकूड व्यवस्थित वाळलेलं होतं. चूक सरसाची, म्हणजे माझी होती.

वाळलेलं लाकूड हलत नाही, हा समज फार पक्का आहे. पण ते हवेतली वाफ घेत-सोडत राहतं, आणि गंमत म्हणजे फुगतं ते जवळजवळ फक्त रेषांना आडवं.

लाकडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांच्या जुड्या, म्हणजे सूक्ष्मतंतू, भिंतीच्या सर्वांत जाड थरात जवळजवळ खोडाच्या दिशेने, किंचित तिरक्या मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात. जुडीच्या गाभ्यात साखळ्या इतक्या शिस्तीत रचलेल्या, की तिथे पाण्याला शिरकाव नाही. ते शिरतं जुड्यांच्या मधल्या हेमिसेल्युलोजच्या, म्हणजे आखूड, विस्कळीत साखळ्यांच्या, गुंत्यात. तिथल्या हायड्रॉक्सिल गटांशी (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांशी) हायड्रोजन बंध, म्हणजे हलकीशी पकड, जोडतं आणि जुड्यांना एकमेकींपासून दूर सारतं. साखळी स्वतः मात्र लांबत नाही. तिच्या कड्या सहसंयुज, म्हणजे फार मजबूत रासायनिक, बंधांनी जखडलेल्या. काड्यांच्या मोळीत बोटं खुपसली तर मोळी जाड होते, लांब होत नाही. तसंच हे.

कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी होईपर्यंत भिंती फुगतात. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं, त्याने आकार बदलत नाही. ओलं सागवान पूर्ण वाळवलं तर वाढवलयांच्या (खोडाच्या कापात दिसणाऱ्या गोल कड्यांच्या) स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे वलयांच्या कडेकडेने, ५.८ टक्के आकसतं, त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, २.५ टक्के. लांबीत बहुतेक लाकडं ०.१ ते ०.२ टक्केच. आता माझा तळ घ्या: रुंदी २० सेंटिमीटर, फळी सागवानाची, रुंदी स्पर्शरेषेच्या दिशेने येईल अशी कापलेली. लाकडातलं पाणी १४ वरून ८ टक्क्यांवर आलं, तर ती सुमारे २.३ मिलिमीटर आकसणार. तिला रोखून धरणाऱ्या पेटीच्या बाजू मात्र लांबीत जेमतेम केसाच्या जाडीइतक्याच हलणार. मग दुसरं काय होणार?

("लाकूड जिवंत असतं, श्वास घेतं, त्याला तेल पाजा" अशा जाहिराती वाचल्या की हसू येतं. यातल्या बहुतेक पेशी झाडातच मेलेल्या असतात. तेल-पॉलिशने वाफेची ये-जा मंदावते, थांबत नाही.)

चारही बाजूंच्या रेषा पेटीभोवती आडव्या फिरवल्या, तर सगळ्या बाजू उंचीत एकदमच फुगतात. कोपऱ्यांच्या सांध्यांवर ताण येत नाही. तळाला ही सोय नाही. म्हणून बाजूंना आतून खाच पाडायची, तळ तिच्यात सरकवायचा आणि सरसाचा थेंबही लावायचा नाही. कोरड्या दिवसांत काम करत असाल तर खाचेत दोन्हीकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर दमट हवेत फुगलेला तळ कोपरेच उघडेल.

दुसरी पेटी अशीच केली. हवा कोरडी असली की तळ किंचित खुळखुळतो.