पार्श्वभूमी : शेंदरी बोंडअळी आणि एक जूनची तारीख

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की तापीकाठच्या शिवारात ठिबकच्या नळ्या अंथरल्या जातात आणि कृषी सेवा केंद्रांत एकच विचारणा सुरू होते : कापसाचं बियाणं कधी मिळणार? शेंदरी बोंडअळीला पुरून उरेल असा नवा जनुकीय कापूस तयार केल्याचं एका सरकारी संशोधन संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं. चोपडा, यावल, रावेर, शहादा या पट्ट्यातल्या वाचकाला साहजिकच वाटेल, की आता मे महिन्यातल्या लागवडीवरची बंधनं सुटणार. तसं होईल का, हे समजायचं तर ही बंधनं आली कशी ते पाहावं लागतं.

ही अळी आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. शास्त्रात तिची पहिली नोंद झाली ती १८४० च्या दशकात, भडोचच्या कापसातून मिळालेल्या नमुन्यांवरून. भडोच म्हणजे सातपुड्याच्या पश्चिमेला, खान्देशाच्या शेजारीच. त्या काळच्या देशी वाणांचा बहर आटोपशीर असायचा, त्यामुळे किडीला वर्षभर खायला मिळत नसे. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून पहिला संकरित वाण आला आणि पुढे लांब मुदतीचे संकर पसरले. ऐंशीच्या दशकात आलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांनी शेंदरी अळी दबली, पण नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी त्याच औषधांना दाद देईनाशी झाली. मार्च २००२ मध्ये बीटीला, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती हिरवी अळी. शेंदरी अळीही त्यात मरत होती, हा वरचा फायदा.

२००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. २०१० च्या सुमारास गुजरातेत शेंदरी अळी पहिल्या जनुकाच्या विषाला पचवते असं दिसलं, पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसऱ्याच्याही, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, असं चित्र सर्रास झालं.

इतक्या लवकर हे का घडलं? बीटीसोबत वेगळ्या पाकिटात मिळालेल्या १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याकडे नेहमी बोट दाखवलं जातं. नियम होता की बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल त्यावर बिगर-बीटी लावायचं. त्या ओळींत वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले तर पुढची पिढी विषाला बळी पडते. हे पाकीट बहुतेकांनी बांधावर टाकून दिलं, हे खरं आहे. पण त्याहून कमी बोललं जाणारं कारण बियाण्याच्या जातकुळीतच आहे. आपल्याकडचं बीटी जवळपास सगळं संकरित, आणि संकराच्या दोन पालकांपैकी सहसा एकाकडेच बीटी जनुक असतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत विष असतं, पण त्याच झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. त्यामुळे दर चार सरक्यांमागे एकीत पहिलं जनुक नसतं, एकीत दुसरं नसतं, आणि सोळांमागे एकीत दोन्ही नसतात. एका बोंडात २५ ते ३० सरक्या धरल्या तर एक-दोन सरक्या पूर्ण निर्विष आणि नऊ ते अकरा अर्धवट. शेंदरी अळी सरकीवरच जगते आणि एकीतून दुसरीत शिरते. थोडं विष, थोडं अन्न, अशी तिला बोंडागणिक सवयच लागत गेली. संकराऐवजी सरळ वाण लावणाऱ्या अमेरिकेत सरक्यांची ही सरमिसळ नव्हती. तिथे बीटी, सापळे, वांझ पतंग आणि पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) वेळेत गाडण्याची सक्ती एकत्र राबवून २०१८ मध्ये ही कीड संपल्याचं जाहीर झालं.

जनुकांचा आधार गेल्यावर उरलं कॅलेंडर, आणि तिथूनच एक जूनचा वाद सुरू होतो. दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की शेवटच्या पिढीच्या अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. उरलेली बोंडं, एकमेकींना चिकटलेल्या जोडसरक्या, ढीग लावलेली पऱ्हाटी, जिनिंगमधली सरकी ही त्यांची घरं. मे-जूनमध्ये वळवाच्या सरी पडून हवेत ओल आली की त्यांतून पतंग निघतात. पतंगाचं आयुष्य एक-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात जवळपास पाते (कळी) किंवा फूल नसेल तर अंड्यातून निघालेली अळी उपाशी मरते. २० मेला ठिबकवर लावलेल्या कापसाला जुलैच्या आरंभी पाते दिसतात. २० जूनच्या कोरडवाहूला तेच ऑगस्ट उजाडताना. मधला महिना म्हणजे अळीची जवळजवळ एक अख्खी पिढी. मे लागवडीचा कापूस उशिरा निघणाऱ्या पतंगांना आसरा देतो आणि तिथे वाढलेली पिढी शेजारच्या कोरडवाहू शेतात उतरते. म्हणून राज्याने बियाण्याची किरकोळ विक्री एक जूनपर्यंत रोखायला सुरुवात केली. अलीकडे ही मुदत मेच्या मध्यावर आणली गेली आणि लागवड जूनमध्येच करा, असं सांगितलं जातं.

खान्देशातल्या बागायतदाराचा आक्षेप नीट ऐकण्याजोगा आहे. त्याच्याकडे विहिरीचं पाणी आहे. मेच्या कापसाची पहिली बोंडं सप्टेंबरच्या मोठ्या हल्ल्याआधीच पक्व होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात शेत रिकामं करून तो हरभरा, गहू किंवा मका पेरतो, म्हणजे फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेला जुना कापूस) ठेवत नाही. मृगाची वाट पाहिली तर रब्बीची वेळ चुकते. शिवाय विक्री इथे बंद असली की शेजारच्या राज्यांतून बिनपावतीचं बियाणं येतं. त्यात तणनाशक-सहनशील, परवानगी नसलेलं 'चोर बीटी'ही असतं. उगवण फसली किंवा बोंडं पोसली नाहीत तर तक्रार करायला हातात पावती नसते.

तारखेमागचं शास्त्र पक्कं आहे, यात शंका नको. पण साखळीच्या दोन टोकांपैकी एकाच टोकावर सगळा जोर दिला गेला. मेमध्ये ज्यांतून पतंग निघतात त्या सुप्त अळ्या डिसेंबर-फेब्रुवारीत तयार होतात. फरदड जानेवारीनंतरही पाण्यावर उभी ठेवणं, जळणासाठी पऱ्हाटी घरामागे रचून पावसाळ्यापर्यंत राखणं, जिनिंग आवारात सरकीचे ढीग उघडे ठेवणं, यांतलं काहीही मे लागवडवाल्याच्या एकट्याच्या हातात नाही. पतंग तालुक्याची हद्द ओळखत नाही. पारोळा-अमळनेरकडची फरदड आणि रावेरचा मे कापूस एकाच किडीला पोसतात. बंदी मात्र ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्यावर येते, आणि हा असमतोल खटकतो.

ज्यांची लागवड मेमध्ये झालीच आहे त्यांच्यासाठी गणित असं. पाते लागल्यापासून हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा हातभर उंच हवा आणि आतली गोळी कंपनीने दिलेल्या मुदतीत बदलायला हवी, कारण जुन्या गोळीचा वास संपला की रिकामा सापळा पाहून कीड नाही असा गैरसमज होतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग, किंवा दहा फुलांमागे एक डोमकळी (आत अळी असल्याने न उमललेलं गुलाबासारखं मिटलेलं फूल), किंवा दहा हिरव्या बोंडांमागे एक जिवंत अळी, यांतलं काहीही दिसलं की उपाय सुरू करा. एकरी वीस बोंडं शेताच्या वेगवेगळ्या भागांतून तोडून फोडून बघा. बाहेरून छिद्र दिसेल या भरवशावर राहू नका, कारण अळी शिरल्यावर ते बुजतं, आणि याच कारणाने उशिराची फवारणी वाया जाते. डोमकळ्या तोडून शेतात टाकू नका, बादलीत गोळा करून नष्ट करा. सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड मारलं तर पांढरी माशी उसळते. ते औषध नोव्हेंबरच्या आसपासच हातात घ्यावं.

नव्या जनुकाच्या बातमीकडेही याच नजरेने पाहायला हवं. प्रयोगशाळेपासून शेतातल्या चाचण्या, जैवसुरक्षा तपासणी, राज्यांची संमती असा लांबचा रस्ता त्यापुढे आहे. तो पार झाल्यावर पहिला प्रश्न हा, की ते जनुक दोन्ही पालकांत घातलं जाणार की पुन्हा एकाच पालकातून संकरात आणलं जाणार. एकाच पालकातून आलं तर बोंडातल्या दर चौथ्या सरकीत ते नसेल.