न्यूग्रेंजला जाताना: गाडी कुठे न्यायची, तिकीट कोणतं काढायचं

डब्लिनहून न्यूग्रेंजसाठी आमची गाडी घेणाऱ्या, किंवा फक्त तिकिटं आमच्याकडून काढून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. न्यूग्रेंज म्हणजे आयर्लंडमधलं पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं. भारतातून आई-बाबा आले की हे ठिकाण दाखवायचं असतंच, आणि दर वेळी त्याच दोन-तीन गोष्टी विचारल्या जातात. त्यातली पहिली चुकली तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

नकाशात ‘न्यूग्रेंज’ असं टाकू नका. ‘ब्रू ना बोइन्ये अभ्यागत केंद्र, डोनोर’ असं टाका. थडग्याचं टेकाड बॉइन नदीच्या उत्तरेला आहे आणि केंद्र दक्षिणेला. नुसतं नाव टाकलं की फोन तुम्हाला उत्तरेच्या अरुंद रस्त्यावर नेतो. समोर टेकाड दिसतं, पांढऱ्या गारगोटीची भिंत चमकत असते, पण आत सोडत नाहीत. तिकीटखिडकी तिथे नाहीच. आत जायचा एकच मार्ग आहे: केंद्रात हजेरी, मग नदीवरचा पादचारी पूल, पलीकडे उभी असलेली बस. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर आपली गाडी सोडून बस धरावी लागते, तसाच हा प्रकार.

चुकीच्या काठावर पोचलात की गाडीसाठी पूल शोधत स्लेनकडे किंवा ड्रॉहेडाकडे वळसा घ्यावा लागतो. यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, वर गाडी लावून पूल चालायचा वेळ वेगळा. तोवर तुमची वेळ टळलेली असते. ‘पुढच्या गटात घाला’ म्हणून कितीही विनंती केली तरी बहुतेक वेळा जमत नाही, कारण टेकाडाच्या पोटातल्या गाभाऱ्यात एका वेळी मोजकीच माणसं मावतात आणि बसची वेळ त्याच हिशोबाने बांधलेली असते. कर्मचारी अडून बसलेत असं समजू नका. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी केंद्रात असा. आम्ही डब्लिनहून इतक्या सकाळी निघायचा आग्रह धरतो, तो एवढ्यासाठीच. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर आहे, पण उशीर झाला तर भरून काढायला जागा नाही.

तिकिटं. सगळ्या तिकिटांत गाभाऱ्यात प्रवेश नसतो. फक्त प्रदर्शनाचंही तिकीट मिळतं, आणि स्वस्त दिसतं म्हणून घाईत तेच काढलं जातं. तिकिटावर न्यूग्रेंजच्या आत प्रवेश आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचा. हेरिटेज कार्ड (सरकारी वारसास्थळांचा वार्षिक पास) असलं तरी वेळ आरक्षित करावीच लागते. कार्डाने पैसे वाचतात, जागा मिळत नाही. उन्हाळ्यात आणि शाळांच्या सुट्ट्यांत आतल्या प्रवेशाची तिकिटं लवकर संपतात. म्हणून आम्ही नावं आणि पैसे आधी घेतो आणि आरक्षण खुलं होताच तिकिटं काढतो. आयत्या वेळी फोन आला तर गाडी देऊ शकतो, गाभारा देऊ शकत नाही.

आत काय आहे, हे आधी माहीत असलं तर आतला थोडा वेळ सार्थकी लागतो. टेकाडाचा व्यास सुमारे 85 मीटर, बांधणी साधारण इ.स.पू. 3200 ची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीची. पायथ्याला 97 मोठ्या शिळा आहेत. दाराशी आडवी पडलेली, चक्राकार नक्षीची शिळा पाहायला विसरू नका. आत 19 मीटर लांब दगडी वाट आहे. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे दगड आत झुकलेले आहेत; तिथे वाकून, अंग तिरकं करून जावं लागतं. मग एकदम डोक्यावर सुमारे सहा मीटर उंच छत उघडतं. दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत हे छत वर मिटवलं आहे. वाटेवरच्या छताच्या दगडांना वरून पन्हळी खोदल्या आहेत, सांध्यांत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरली आहे. पाच हजार वर्षं आयर्लंडचा पाऊस सोसून गाभारा कोरडा आहे. छत पाहाच.

दाराच्या वर एक चौकोनी झरोका आहे. वाट आत जाताना चढत जाते, त्यामुळे गाभाऱ्याची जमीन जवळपास झरोक्याच्या उंचीला येते. म्हणूनच डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवतीचं ऊन दारातून नाही, तर त्या झरोक्यातून थेट आत पोचतं आणि सुमारे 17 मिनिटं टिकतं. इथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी 1967 च्या डिसेंबरात ते गाभाऱ्यातून पाहिलं. कोल्हापूरचा किरणोत्सव पाहिलेल्यांना हे लगेच उमगतं. तिथे मावळतीची किरणं, इथे उगवतीची. मात्र त्या सकाळी आत जायची संधी फक्त सोडतीतून मिळते. अर्ज हजारोंनी येतात, जागा थोड्या, आणि ढग आले तर काहीच दिसत नाही. आमच्याकडे त्याचा कुठलाही कोटा नाही, कुणी देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. इतर दिवशी वाटाड्या दिवे मालवून विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतो. ते पुरेसं सुंदर आहे.

गाभाऱ्यात फोटो काढता येत नाहीत. पाठीवरची पिशवी आणि बाबागाडी आत नेता येत नाही, तान्हं बाळ कडेवर घ्यावं. चपला काढायच्या नाहीत. आईंना साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची, पायात घट्ट बूट. बंद जागेत घाबरायला होत असेल तर आधी सांगा. बाहेर थांबूनही पाहण्यासारखं भरपूर आहे. गुडघे दुखत असतील तर नाउथच्या (जवळच्याच दुसऱ्या थडग्याच्या) टेकाडावर चढायचा हट्ट नको, पण त्याच्या पायथ्याच्या 127 शिळांची कोरीव चित्रं नक्की पाहा. न्यूग्रेंज, नाउथ आणि प्रदर्शन मिळून तीन तास धरा. स्वच्छतागृह केंद्रातच उरकून निघा.

त्याच दिवशी जायंट्स कॉजवे (समुद्रकाठचे षटकोनी दगडी खांब) जोडून द्या, असं बरेच जण म्हणतात. आम्ही नाही म्हणतो. अंतर हे एक कारण, पण मोठं कारण व्हिसा. कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युकेत आहे. वाटेत चौकी दिसत नसली तरी भारतीय पासपोर्टवरच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही नोंद नसेल आणि युकेचा वेगळा व्हिसाही नसेल, तर तिथे जाणं नियमात बसत नाही. शेंगेन व्हिसा तर आयर्लंडलाही चालत नाही.

दिवस उरला तर ओल्डकॅसलजवळचं लॉक्रू, म्हणजे डोंगरावरची अशीच जुनी थडगी, सुचवतो. तिथे गर्दी कमी, चढ मात्र खडा, गवत ओलं आणि मेंढ्यांच्या लेंड्यांनी भरलेलं. आत जायला मिळेलच असं धरू नका. डोंगरावरून दिसणाऱ्या मुलुखासाठी जा.

आरक्षणासाठी प्रत्येकाचं नाव, वय, गुडघ्यांची आणि श्वासाची तक्रार, आणि कुणाकडे हेरिटेज कार्ड आहे का, एवढं एका निरोपात पाठवा.