आधी आतडं की आधी यकृत?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान होतं, तेव्हाच साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या यकृतातही गाठी सापडतात. आतड्यातलं बहुतेक रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून आधी यकृतात जातं, त्यामुळे मूळ गाठीतून सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम तिथेच पडतो.

कॅन्सर असा दुसऱ्या अवयवात पोचला की ती ‘चौथी स्टेज’, आणि ते ऐकलं की घरचे हातपाय गाळतात. पण यकृतातल्या गाठी पूर्ण काढता आल्या, तर बरेच रुग्ण पाच वर्षांपुढे जातात आणि काही कायमचे बरे होतात. मग प्रश्न उरतो तो वेळेचा आणि क्रमाचा.

जुनी रीत म्हणजे आधी आतड्याचं ऑपरेशन, मग केमो, मग यकृताचं ऑपरेशन. जिनिव्हाचे सर्जन जिल मेंथा यांनी २००६ मध्ये हा क्रम उलटवला: आधी केमो, मग यकृत, शेवटी आतडं. जीव बहुधा यकृतामुळेच जातो, मग त्याला ताटकळत का ठेवायचं? गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तर हे फारच पटतं, कारण तिथे रेडिएशन आणि नंतरची वाट पाहणं यांत महिने जातात. अर्थात आतडं तुंबलं असेल, तर ते आधी. यकृताचा छोटाच तुकडा काढायचा असेल, तर दोन्ही एकाच बैठकीत उरकता येतं. दोन्हीकडची ऑपरेशनं मोठी असतील, तर तो धोका पत्करू नये.

केमो गाठी आक्रसवते, पण यकृतालाही दुखावते. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने त्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, इरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाने चरबी साठते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३६४ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत ऑपरेशनआधी आणि नंतर केमो दिल्यावर नुसत्या ऑपरेशनपेक्षा आजार अधिक काळ आटोक्यात राहिला, पण ऑपरेशननंतरची गुंतागुंत १६ वरून २५ टक्क्यांवर गेली. म्हणून ऑपरेशन शक्य झालं की त्याआधीची केमो आणखी वाढवत नेऊ नये.

यातली एक गोष्ट मला प्रत्येक कुटुंबाला सांगावीशी वाटते. केमोनंतर ‘स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही’ म्हटल्यावर पेढे वाटावेसे वाटतात. पण २००६ च्या एका फ्रेंच अभ्यासात अशा ‘नाहीशा’ झालेल्या ६६ गाठींपैकी ५५ ठिकाणी कॅन्सर उरलेला होता किंवा लवकरच परतला. गाठ नेमकी कुठे होती हेच कळेनासं झालं, तर सर्जनने कापायचं कुठे? त्यामुळे यकृताच्या सर्जनला स्कॅन दाखवायचा तो केमोच्या पहिल्या फेरीच्या आधी.